बांध, भूखंड आणि खाडी: नवी मुंबईच्या पाणथळ जमिनीचे मोल

नवी मुंबई ठाण्याच्या खाडीचा पूर्व किनारा आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या सखल पट्ट्यावर वसली आहे. दक्षिणेकडे हा पट्टा पनवेलच्या खाडीला वळसा घालून उरणपर्यंत पसरतो. पावसाळ्यात डोंगरावरचे ओढे आणि कासाडी, गाढी, उलवे या नद्या गोडे पाणी खाली आणतात आणि दिवसातून दोनदा भरती खारे पाणी वर चढवते. या दोन पाण्यांच्या भेटीतून इथली खाजणे, तिवरांची राने, चिखलपट्टे आणि मिठागरे तयार झाली. पुढे ३४४ चौरस किलोमीटरांच्या आणि ९५ गावांच्या ज्या क्षेत्रावर शहराची आखणी झाली, त्याचा मोठा भाग या मधल्या जमिनीचा होता. तिचे मोल तीन काळांत तीन रीतींनी ठरले. आधी ते बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांनी ठरवले, मग भूखंड विकणाऱ्या नियोजनाने आणि अखेरीस न्यायालयांनी. नवी मुंबईच्या नियोजनाचा इतिहास बराचसा या तीन हिशेबांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

बांधाचा हिशेब

खाडीकाठची जमीन आपोआप पिकत नाही. भरतीचे पाणी अडवण्यासाठी आगरी शेतकऱ्यांनी चिखलमातीचे बांध घातले आणि त्यांत ठिकठिकाणी लाकडी उघाडी बसवली. बाहेर भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने उघाडी मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. नवा बांध घातल्यावर पहिली काही वर्षे पावसाने मातीतला खार धुऊन निघण्याची वाट पाहावी लागे. त्यानंतर खार सोसणारे भात लावले जाई. काही खाजणांत उन्हाळ्यात पाणी घेऊन कोळंबी आणि मासे धरले जात, तर काही ठिकाणी कोंड्या पाडून मीठ पिकवले जाई. तिवरांच्या मुळांत निवट्या आणि चिंबोऱ्या मिळत, खाडीच्या तोंडाशी जिताडा मिळे. भात, मीठ आणि मासळी ही तिन्ही उत्पन्ने एकाच जमिनीच्या तीन कडांवर उभी होती.

ही व्यवस्था टिकवणे खर्चाचे आणि कष्टाचे काम होते. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, अख्ख्या खाजणाचे पीक जाई आणि खार पुन्हा धुऊन निघेपर्यंत पुढची वर्षेही वाया जात. म्हणून बांधाची जबाबदारी वाटून घेतलेली असे. उत्तर कोकणात शिलोत्री नावाची पद्धत होती. बाहेरचा मोठा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे असे आणि त्यासाठी आतल्या जमिनीवर बिघ्यामागे ठरावीक धान्य त्याला मिळे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आहे. आजच्या भाषेत ही निसर्गाच्या सेवेची आणि तिच्या देखभालीची मोजदादच होती. भरती अडवणाऱ्या बांधाला किती धान्याचे मोल आहे हे गावाला ठाऊक होते आणि ते दरवर्षी चुकते केले जात होते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ही जबाबदारी काही प्रमाणात आपल्याकडे घेतली. मुंबई राज्याचा खारजमीन कायदा १९४८ चा, तर महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा १९७९ चा. पनवेलला खारजमिनीचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि तिथे खार सोसणारे भाताचे सुधारित वाण तयार झाले. मात्र हा नवा कायदा झाला त्याच वर्षी, त्याच परिसरासाठी, खाजणाचा वेगळाच वापर सांगणारा विकास आराखडा मंजूर झाला.

भूखंडाचा हिशेब

मुंबई बेट उत्तरेकडे वाढता वाढता दमले होते. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही खाडीपलीकडच्या विकासाची शिफारस केली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये झाला. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे सिडको स्थापन झाले. जे. बी. डिसूझा पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले, कोरिया मुख्य वास्तुरचनाकार आणि पटेल नियोजनाचे प्रमुख. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी विकास आराखड्याचा मसुदा आला आणि १९७९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

या शहराचा पैसा जमिनीतून उभा राहायचा होता. सरकारने गावांची जमीन संपादित करून सिडकोकडे द्यायची, सिडकोने रस्ते, पाणी, गटारे करून तिचे भूखंड पाडायचे, ते विकून आलेल्या पैशातून पुढचा विकास करायचा. सरकारी तिजोरीवर फारसा भार न टाकता अख्खे शहर उभारणारी ही रचना भारतात विरळा होती. वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली, खारघर ही उपनगरे आणि तिथली रुंद रस्त्यांची, स्थानकांची, शाळांची व्यवस्था या पद्धतीने घडली.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतच होती. ज्या जमिनीतून भूखंड निघतो तिला किंमत. ज्या जमिनीतून निघत नाही ती खर्चाच्या बाजूला. तिवरांचे रान, चिखलपट्टा किंवा पाणी साचणारे खाजण विकता येत नसे. भराव टाकला की ते विकता येई. आराखड्यात डोंगरउतारांसाठी प्रादेशिक उद्यानाचे क्षेत्र राखले गेले होते. १९६६ च्या अधिनियमाने विकास आराखड्यात निसर्गरम्य क्षेत्रांचे जतन आणि पूरनियंत्रण यांचा समावेश करण्याची वाटही मोकळी ठेवली होती. कायद्यात जागा होती, पण वर्षअखेरीच्या ताळेबंदात तिच्यासाठी रकाना नव्हता. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींनी शहराच्या बांधकामाला खडी पुरवली. डोंगर पोखरल्याचे नुकसान मात्र त्या खडीच्या दरात कधी मोजले गेले नाही.

समुद्राने भाग पाडलेली तजवीज

एका बाबतीत मात्र समुद्राने नियोजकांना हिशेब करायला लावला. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरांच्या वर चढते. वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर यांचे सखल भाग त्या पातळीच्याही वर उचलायचे तर भरावाला डोंगरच्या डोंगर लागले असते. त्याऐवजी नेदरलँड्सच्या धर्तीवर मध्यम मार्ग निवडला गेला. भराव कमी उंचीचा ठेवायचा, खाडीच्या बाजूला बांध घालायचा आणि बांधाच्या आत मोठे धारण तलाव राखायचे. भरतीच्या वेळी शहरातले पावसाचे पाणी नाल्यांतून या तलावांत साठते. बाहेरच्या दाबाने झडपा मिटलेल्या असतात. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो.

तंत्र परदेशी म्हणून आले, पण त्यामागचे तत्त्व गावच्या उघाडीचेच होते. खाजणाने शतकानुशतके जे काम केले होते, म्हणजे भरतीच्या काही तासांत पाणी धरून ठेवणे आणि ओहोटीला सोडणे, तेच काम नव्या शहराला तलाव खोदून करावे लागले. नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असे अकरा धारण तलाव आहेत. नेरुळमधला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हा फिरण्याचा परिसर अशाच एका तलावाभोवती आहे.

या तलावांचा पुढचा इतिहास बोलका आहे. भरतीबरोबर येणारा गाळ साठत गेला, गाळावर तिवरे उगवली आणि पाणी धरण्याची क्षमता घटली. गाळ काढायचा तर तिवरे तोडावी लागणार आणि ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पूर अडवणारा तलाव आणि किनारा राखणारे रान ही दोन्ही मोलाची. नियोजनाने त्यांचा विचार एकत्र केला नाही, म्हणून ती एकमेकांच्या आड आली. शिलोत्रीत बांधाच्या देखभालीची तरतूद बांध घालतानाच असे. धारण तलावांच्या बाबतीत देखभालीचा प्रश्न तलाव भरून आल्यावर उभा राहिला.

मोजदादीतून सुटलेली माणसे

भूसंपादनाच्या हिशेबात सातबाऱ्यावरचे नाव महत्त्वाचे होते. भातजमिनीला कमी भाव मिळतो म्हणून गावांत असंतोष वाढत गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात मोठे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्यातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत मिळण्याचा हक्क मान्य झाला. वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा वाटा असावा हे तत्त्व भूसंपादनाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले.

तरीही ही भरपाई जमिनीची होती. खाडी कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. पाग टाकणाऱ्या, डोल लावणाऱ्या, ओहोटीला चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कागदावर नव्हती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत गेले, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, भराव वाढत गेले आणि मासळी घटली. भूखंडाच्या हिशेबात हे नुकसान कुठेच दिसत नव्हते.

न्यायालयाचा हिशेब

१९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने तिवरांच्या क्षेत्राला पहिल्यांदा ठळक कायदेशीर संरक्षण दिले. अंमलबजावणी मात्र सैल राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि मुंबई परिसर बुडाला. भरती-ओहोटीच्या जागा बुजवण्याची किंमत लोकांना त्या दिवशी उघड दिसली. त्यानंतर काही आठवड्यांतच, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड आणि त्यांवरील भराव थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. तिवरांच्या जमिनी संरक्षित वन म्हणून जाहीर करण्याचे काम यातून सुरू झाले. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन म्हणजे तिवरवन कक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने तिवरांचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे म्हटले आणि तिवरांभोवती ५० मीटरांचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवण्याचा नियम ठामपणे मांडला.

परिणाम मोजता येण्याजोगा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. मोजणीच्या साधनांत झालेल्या सुधारणेचा यात वाटा असला, तरी संरक्षणाचा वाटाही मोठा आहे.

याच काळात खाडीला नवे रहिवासी मिळाले. १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले आणि पुढे त्यांचा आकडा एका हंगामात लाखावर गेला. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. त्यात ८९६ हेक्टर तिवरे आणि ७९४ हेक्टर पाणी आहे. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टरांचे ठाणे खाडी क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेले. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातले तिसरे रामसर स्थळ.

या पक्ष्यांनी नियोजनापुढे एक अवघड प्रश्न ठेवला. ओहोटीला ते खाडीतल्या उघड्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल झाकला की त्यांना जवळच उथळ पाण्याची विसाव्याची जागा लागते. नेरुळ-सीवूड्सकडची टी. एस. चाणक्य, एनआरआय संकुल आणि डीपीएस शाळेजवळची पाणथळे या अशा जागा आहेत. अभयारण्य एकीकडे आणि विसाव्याची तळी त्याच्या हद्दीबाहेर शहरात, अशी स्थिती झाली. तळी बुजली तर राखलेल्या खाडीचाही उपयोग उरत नाही. पाणथळाचे मोल एकेका भूखंडाला जोडून काढता येत नाही हे इथे स्पष्ट होते. १ नोव्हेंबर २०१८ रोजी उच्च न्यायालयाने सीवूड्सच्या पाणथळावर गोल्फ मैदान आणि घरे उभारण्याची योजना रद्द केली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याने ते कोरडे पडले आणि फ्लेमिंगोंच्या मृत्यूंनी शहर हळहळले. नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर २०२५ मध्ये राज्य सरकारने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

रुपयांत मोजलेली खाडी

निसर्गाच्या सेवांची किंमत पैशांत मांडण्याचा प्रयत्न जगभर याच काळात वाढला. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, १९९९ च्या एका अभ्यासाने नाकिवुबो दलदल शहराचे सांडपाणी शुद्ध करते त्याचे मोल काढले आणि ती बुजवणे तोट्याचे असल्याचे दाखवले. भारतीय बँकर पवन सुखदेव यांच्या नेतृत्वाखालील ‘टीब’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०१० च्या सुमारास शहरांसाठी आणि स्थानिक धोरणांसाठी हीच रीत मांडली. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळांत शहराचे सांडपाणी मत्स्यशेतीला वापरले जाते. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने त्यांचे महत्त्व सरकारला पटवले, १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले आणि २००२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. या उदाहरणांत पाणथळ शहराचे कोणते काम करते हे आधी दाखवले गेले, आणि धोरण त्यानंतर बदलले.

नवी मुंबईच्या परिसरात असा हिशेब सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो मच्छीमारांमुळे. उरण, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी न्हावा-शेवा बंदराच्या विस्ताराविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. तिवरे आणि भरतीच्या वाटा नष्ट झाल्याने मासेमारी बुडाल्याचे त्यांचे म्हणणे होते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला ५ लाख ८४ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रकमेचा ७० टक्के भार जवाहरलाल नेहरू बंदर न्यासावर, २० टक्के ओएनजीसीवर आणि १० टक्के सिडकोवर टाकला. सातबारा नसलेल्या माणसांचा खाडीवरचा हक्क इथे रुपयांत नोंदला गेला. या निकालाचे मोल रकमेपेक्षा या मान्यतेत अधिक आहे.

सरकारी मूल्यमापनाची दुसरी वाट वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याची आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना प्रकल्पाने हे मूल्य भरायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. कमाल दर धरला तरी तो चौरस मीटरला सुमारे १०४ रुपये पडत होता. नवी मुंबईत भूखंडांच्या लिलावात अलीकडे चौरस मीटरला लाखाच्या वर बोली लागली आहे. किंमत लावली की निसर्ग वाचेल, असे यावरून म्हणता येत नाही. किंमत अपुरी लावली तर ती नाशाचा परवाना ठरते. म्हणून तिवरांचे खरे संरक्षण या दराने केले नाही; ते न्यायालयाच्या मनाईने केले.

मोठ्या प्रकल्पांत ही तफावत ठळक होते. सुमारे १,१६० हेक्टरांवरच्या नवी मुंबई विमानतळाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, तिवरे गेली आणि दहा गावे उठली. मंजुरीच्या अटींत तिवरांची नवी लागवड आणि उद्याने होती. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. नव्याने लावलेले रान जुन्या खाडीचे काम किती करते, हे पुढच्या अनेक पावसाळ्यांत तपासत राहावे लागेल. लागवडीचे हेक्टर मोजणे सोपे आहे. पाणी धरण्याची क्षमता आणि मासळीची पैदास मोजणे कठीण असले, तरी भरपाई खरी ठरते ती त्याच मोजणीवर.

आराखड्यातली जागा

जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. २०१० मध्ये नागोयाच्या जागतिक परिषदेनंतर शहरांसाठीचा जैवविविधता निर्देशांकही वापरात आला. माहिती गोळा करण्याची साधने आता उपलब्ध आहेत. अडचण आहे ती ही माहिती विकास आराखड्यापर्यंत पोहोचण्याची. नवी मुंबई महानगरपालिकेने २०२२ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा सीवूड्सकडच्या पाणथळांवर निवासी वापर दाखवल्याबद्दल नागरिकांनी हरकती घेतल्या. नोंदवहीत पक्षी आणि आराखड्यात इमारत, अशी स्थिती एकाच जागेची होऊ शकते.

कायद्यातही एक मोठी फट आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे, मिठागरे आणि मत्स्यशेतीसाठी केलेली तळी यांना पाणथळाच्या व्याख्येतून वगळले आहे. नवी मुंबई आणि उरणच्या किनाऱ्यावर माणसाने घडवलेल्या पाणथळांचाच मोठा हिस्सा आहे. खारजमीन, मिठागर आणि मासळीचे तळे पाणी धरतात, पूर मुरवतात आणि पक्ष्यांना आसरा देतात, पण त्या नियमांच्या नजरेत ती पाणथळेच नाहीत. ज्या जमिनीला पूर्वजांनी बांध घालून घडवले तिला, ती माणसाची निर्मिती आहे या कारणाने, संरक्षण नाकारले जाते.

या इतिहासातून नियोजनासाठी निघणारा अर्थ सरळ आहे. भरतीचे पाणी साठवणारी प्रत्येक जागा, मग ते धारण तलाव असो, तिवरांचे रान असो, मिठागर असो की सीवूड्सचे तळे, एकाच जलव्यवस्थेचा भाग म्हणून विकास आराखड्यात दाखवली पाहिजे. ती किती पाणी धरते, तिच्यावर किती कुटुंबे जगतात आणि भरतीच्या वाटा कुठून येतात हे नकाशावर नोंदवले पाहिजे. देखभालीची तरतूद त्याच आराखड्यात हवी, जशी शिलोत्रीत बिघ्यामागच्या धान्याने होती. या नोंदी आराखड्यात आल्या, तर एखाद्या तळ्याचे भवितव्य ठरवण्यासाठी पक्षी मरण्याची किंवा न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.